बॅरिॲट्रिक विभागाचा अनुभव: सर्जरीला पूर्ण गुण, पण नर्सच्या ड्यूटीचा विचार नर्सेसनीच केला

मी मेडिकल वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. एका बॅरिॲट्रिक विभागात, म्हणजे वजन कमी करण्याची ऑपरेशनं होतात तिथे, माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी झाली, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकला, त्याला आता वर्ष उलटून गेलंय. रिव्ह्यू लिहायला मुद्दाम एवढा वेळ घेतला. सुरुवातीच्या महिन्यांत काट्यावरचा आकडा भराभर उतरतो, टाके सुकलेले असतात, त्यामुळे त्या वेळी कुणालाही विचारा, पाचपैकी पाच तारेच मिळतील. विभाग कसा आहे ते कळतं पुढे, तुम्ही युनिफॉर्म घालून परत पूर्ण ड्यूटी उभ्या राहता तेव्हा.

हॉस्पिटलचं किंवा कुणाचंही नाव इथे लिहीत नाही. काही तक्रारी आहेत, त्या विभागाला लेखी दिल्या आहेत. शिवाय खाली ज्या नर्सेसचे अनुभव येतील त्यांनी ते बंद खोलीत, विश्वासाने सांगितलेले आहेत. ओळख पटेल असं काही लिहायचं नाही या अटीवरच त्यांनी होकार दिला. ज्या नर्सेस या ऑपरेशनचा विचार करतायत त्यांनी कुठल्याही विभागात जाण्याआधी काय बघावं, काय विचारावं, यासाठी हे लिहितेय.

मी काम करते तिथेही हे ऑपरेशन होतं. तरी बाहेर गेले. ज्यांच्याशी रोज हँडओव्हरची (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सोपवण्याची) देवघेव होते त्यांच्यासमोर उलटीचं भांडं हातात धरून पडायची माझी तयारी नव्हती. वजन, पाळीच्या तक्रारी, मानसोपचारतज्ज्ञांचं मत, हे सगळं एका फाइलमध्ये असतं, आणि ती फाइल ओळखीच्या हातात पडू नये असं मला फार वाटत होतं. पुढे नर्सेसच्या ज्या बैठकीबद्दल लिहिणार आहे, तिथल्या काही जणींनी स्वतःच्याच हॉस्पिटलमध्ये करून घेतलंय आणि त्या समाधानी आहेत. भूल देणारे डॉक्टर ओळखीचे, थिएटर ओळखीचं, याचा त्यांना आधार वाटला. ज्याने त्याने ठरवावं. पण ठरवण्याआधी रेकॉर्ड कोण कोण उघडू शकतं आणि उघडल्याची नोंद राहते का, हे नक्की विचारा. मी विचारलं तेव्हा इथे कुणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत, सरळ उत्तर दिलं.

सर्जनना मी मनापासून पूर्ण गुण देते. पहिल्याच भेटीत त्यांनी ड्यूटीचा तक्ता विचारला. महिन्यात नाइट किती, सलग किती, नाइट उतरल्यावर झोप खरंच होते का. आजवर वजनाबद्दल बोलणाऱ्या एकाही डॉक्टरने मला हे विचारलं नव्हतं, आणि नर्सच्या वजनाची गोष्ट तर तिथूनच सुरू होते. अमेरिकेत १९७६ मध्ये नर्सेस हेल्थ स्टडी सुरू झाला, त्यात लाखाहून जास्त नर्सेस होत्या. त्या माहितीवरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात फिरत्या नाइट ड्यूटीची वर्षं वाढतील तसा टाइप २ डायबिटीसचा धोका वाढलेला दिसला, आणि त्यातला काही भाग वाढलेल्या वजनामुळे होता. पहाटे तीनला भूक लागते ती जिभेचे चोचले म्हणून नाही. झोपेचं चक्र मोडलं की भुकेचंही मोडतं. हे एका सर्जनच्या तोंडून ऐकलं आणि इतकी वर्षं मनात साठलेली शरम बरीच कमी झाली.

मग हिशेब. माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४१ होता, सोबत ब्लड प्रेशर. १९९१ पासून चालत आलेल्या अमेरिकी निकषांत, म्हणजे ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, मी बसतच होते. २०२२ मध्ये अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन संघटनांनी मिळून ते निकष बदलले: ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर आजार असो वा नसो शिफारस, आणि आशियाई वंशाच्या लोकांना २७.५ पासूनच हा पर्याय द्यावा. हे इथे लिहायचं कारण असं की अजूनही अनेक नर्सेस ‘आपण काही एवढ्या जाड नाही’ म्हणून साधा सल्ला घ्यायलाही जात नाहीत.

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांचा विषय मीच काढला. डॉक्टरांनी तो झटकला नाही. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं होतं, औषध थांबवल्यावर त्यातलं बरंच परत येतं, आणि स्लीव्हनंतर साधारण पाव वजन जातं, गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशननंतर त्याहून थोडं जास्त, असं त्यांनी शांतपणे मांडलं आणि विचार करायला वेळ दिला. ऑपरेशन विकण्याची घाई कुठेच दिसली नाही.

स्लीव्ह की बायपास, यावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त कायमचा काढून टाकतात, एक अरुंद नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः ज्या वरच्या भागात तयार होतं तोही त्यात जातो. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. स्लीव्हनंतर ॲसिडिटी, छातीत जळजळ वाढू शकते, नव्यानेही सुरू होऊ शकते. म्हणून आधी एंडोस्कोपी केली, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) नाही याची खात्री करून घेतली.

माझा खरा प्रश्न कंबरेचा होता. पेशंट उचलून, कुशीवर वळवून ज्यांची कंबर गेली नाही अशा नर्सेस मला फारशा भेटलेल्या नाहीत. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन अशा पेनकिलर घेऊन ड्यूटी काढणं आमच्यात इतकं रुळलंय की ते औषध घेतोय असंही कुणाला वाटत नाही. बायपासनंतर या गोळ्या वर्ज्य, कारण जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. डॉक्टरांनी विचारलं, ‘पुढची पंधरा वर्षं पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपीवर काढता येतील का?’ मी प्रामाणिकपणे सांगितलं की शब्द देऊ शकत नाही. माझ्या बाबतीत स्लीव्हकडे पारडं झुकलं त्यात या उत्तराचा मोठा वाटा होता. अर्थात स्लीव्हनंतरही या गोळ्या शक्यतो टाळाच, असं त्यांनी बजावलं. एवढा खुला संवाद मी पेशंट म्हणून पहिल्यांदाच अनुभवला.

डाएटिशियनकडे मात्र छापील तक्ता होता. सकाळी सात, दहा, एक, चार, सात. मी विचारलं, नाइटला काय? त्यांनी तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘तेवढं तुम्ही ॲडजस्ट करून घ्या.’ बाई मनाने चांगल्या आहेत, प्रोटीनचं गणित त्यांनी सुरेख समजावलं, दिवसाला किमान ६० ग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष काय काय, हे वस्तू मांडून दाखवलं. पण ज्या विभागात सर्जन पहिल्याच भेटीत नाइट विचारतात, त्याच विभागाच्या आहाराच्या कागदावर रात्र नावाची गोष्टच नाही, हे मला खटकलं आणि आजही खटकतं.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार असतो. त्याने लिव्हर आकसतं आणि सर्जनला जठरापर्यंत नीट पोचता येतं. मी रजा टाकून हे दिवस काढले. शक्य असेल तर तुम्हीही तसंच करा. एवढ्या कमी खाण्यावर नाइट करू नका.

प्रत्यक्ष ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. दुर्बिणीतून झालं, छोटी छिद्रं, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पिंडऱ्यांना दाब देणारे पट्टे आणि हेपॅरिनची इंजेक्शनं, संध्याकाळी उठवून चालवलं. सगळं वेळेवर, सगळं नीट. सुरुवातीला सांगितलेला खर्च आणि शेवटचं बिलही जुळलं.

पण त्या रात्रीच्या सिस्टरबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. मॉनिटरवर आकडा दिसत असतानाही तिने माझं मनगट हातात घेऊन पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ‘ताई, पल्स १०४ आहे. तुम्हाला माहीत असेल, तरी सांगते. १२० च्या वर जाऊन तशीच राहिली, डावा खांदा दुखायला लागला, किंवा कारण नसताना घाबरल्यासारखं वाटायला लागलं, तर बेल दाबायची. मला त्रास होईल म्हणून थांबायचं नाही.’ जठर कापून जिथे बंद केलंय त्या स्टेपलच्या ओळीतून गळती झाली तर ताप यायच्या आधी नाडी वाढते, हे मी स्वतः विद्यार्थिनींना शिकवलेलं आहे. तरीही पोटात कळा येत असताना, भूल पुरती उतरलेली नसताना, हे ज्ञान माझ्या कामाचं नव्हतं. कुणीतरी ते माझ्यासाठी परत बोलून दाखवायला हवं होतं. त्या मुलीने ते केलं. नाडी पहाटेपर्यंत ९० च्या घरात आली आणि तिने येऊन तेही सांगितलं. विभागाला पाठवलेल्या पत्रात मी तिची ड्यूटी आणि तारीख लिहून कौतुक कळवलंय.

डिस्चार्जला नेमकं याच्या उलटं झालं. शेजारच्या बेडवरच्या बाईंना अर्धा तास बसवून सगळं समजावलं: काय प्यायचं, कधी घाबरायचं, कुठल्या गोळ्या चुरून घ्यायच्या. माझ्याकडे आल्यावर हसून, ‘सिस्टर, तुम्हाला आम्ही काय सांगायचं!’ आणि कागदांचं पाकीट हातात. त्यात मान होता, दुष्टपणा नव्हता, मला कळतं. पण त्या पाकिटातल्या कार्डावर माझी ब्लड प्रेशरची जुनीच गोळी, जुन्याच डोसमध्ये लिहिलेली होती, आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. ज्या पेशंटला दिवसभरात कसंबसं लिटरभर पाणी जाणार आहे तिला तेच पाणी बाहेर काढणारं औषध चालू. मी तिथेच उभी राहून विचारलं, डॉक्टरांना फोन झाला, गोळी बदलली. त्यांनी माफीही मागितली. प्रश्न असा आहे की शेजारच्या बाईंच्या कार्डावर असंच काही असतं तर त्यांनी ते ओळखलं असतं का? आणि मला त्या दिवशी थोडी जास्त गुंगी असती तर? डिस्चार्जचं कार्ड तपासणं हे पेशंटचं काम नाही, ती पेशंट नर्स असली तरीही. माझ्या पत्रातला हा पहिला मुद्दा आहे.

बैठकीत विषय निघाला तेव्हा कळलं की हे जवळपास प्रत्येकीच्या बाबतीत, वेगवेगळ्या हॉस्पिटलमध्ये झालंय. नर्सला कुणी शिकवत नाही. तिला येतंच असं धरून चालतात. लेबर रूममध्ये काम करणाऱ्या एकीला सतत उलट्या होत होत्या आणि ती ‘होतं असं’ म्हणून सहन करत होती, कारण तिलाही कुणी मर्यादा आखून दिलेली नव्हती. विभागाच्या कोऑर्डिनेटर सिस्टरनी बैठकीतच तिला विचारलं, ‘किती दिवस?’ आणि तिथूनच उचलून ॲडमिट केलं. उलट्या लांबल्या की थायमिन (व्हिटॅमिन बी१) संपतं, मेंदूवर परिणाम होऊ शकतो, आणि अशा पेशंटला थायमिन दिल्याशिवाय ग्लुकोज लावायचं नसतं. तिला वेळेत मिळालं. आज ती उत्तम आहे. तिने हे इथे लिहायला आग्रहाने सांगितलं.

आता त्या बैठकीबद्दल. माझ्या दृष्टीने या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि विभागाच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नाही. कोऑर्डिनेटर सिस्टरचं स्वतःचं बायपास झालेलं आहे. पेशंटच्या सर्वसाधारण सपोर्ट ग्रुपमध्ये नर्सेस गप्प बसतात हे त्यांच्या लक्षात आलं. बाकीचे लोक आमच्याकडेच सल्ला मागायला लागतात आणि आपलं सांगायचं राहून जातं. म्हणून त्यांनी फक्त नर्सेससाठी वेगळी वेळ ठेवली, संध्याकाळची, ड्यूटी सुटणारी आणि नाइटला निघणारी दोघींनाही जमेल अशी. आयसीयू, थिएटर, डायलिसिस, वृद्धांचा विभाग, सगळीकडच्या येतात. ज्यांचं व्हायचंय त्याही येऊन बसू शकतात.

पाण्याचा प्रश्न तिथे सुटला. सगळ्यांना सांगतात, घोटघोट प्या, दिवसाला दीड लिटर. घरी बसलेल्या माणसाला ते जमतं. वॉर्डात पाण्याची बाटली स्टेशनवर, आपण बारा नंबरच्या बेडपाशी, आणि एकदम घटाघट प्यायची सोय तर आता राहिलेलीच नाही. डायलिसिसवाल्या ताईंनी पर्समधून गोळ्या वाटायचा तो छोटा प्लॅस्टिकचा कप काढला, ३० मिलीच्या खुणेचा, आपल्या रोजच्या हातातला. दर पंधरा मिनिटांनी एक कप म्हणजे तासाला १२० मिली, जागेपणीच्या बारा तासांत १४०० च्या वर. त्या मेडिसिन ट्रॉलीवर एक कप वेगळ्या रंगाची पट्टी लावून ठेवतात आणि प्रत्येक पेशंटचं औषध झालं की एक घोट. इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांना हे रुचणार नाही, असं मी म्हटलं, आणि खरंच आमच्याकडे ट्रॉलीवर परवानगी नाही. मग मी इन्चार्ज सिस्टरशी बोलून औषधाच्या खोलीत कपाटापाशी जागा मिळवली. तिथे मी तशीही सारखी जाते. ऑपरेशननंतर परत ॲडमिट व्हायचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. त्यामुळे हा विषय किरकोळ समजू नका, कामावर रुजू होण्याआधी इन्चार्जशी बोलून घ्या.

नाइटचा तक्ता आयसीयूतल्या एकीने बनवलाय आणि तो विभागाच्या तक्त्यापेक्षा कितीतरी सरस आहे. त्यात घड्याळाचे आकडेच नाहीत. ‘उठल्यावर’, ‘निघण्याआधी’, ‘हँडओव्हर घेतल्यावर’, ‘मधल्या राउंडनंतर’, ‘पहाटेच्या सॅम्पलआधी’ असे टप्पे आहेत. दिवस असो की रात्र, तो लागू पडतो. उठल्यावर आयर्न. पोटभर म्हणता येईल असं एकमेव जेवण निघण्याआधी. मधल्या राउंडनंतर प्रोटीनचा छोटा डबा, आणि त्याच्या नंतर अर्धा तास पाणी नाही. कॅल्शियम सायट्रेट एकदम न घेता विभागून, आयर्नपासून किमान दोन तास लांब, कारण दोन्ही एकत्र घेतलं तर आयर्न नीट शोषलं जात नाही. सायट्रेटच का, तर ते शोषायला ॲसिड लागत नाही, आणि ॲसिड आता कमी झालेलं असतं. शेवटचं खाणं सकाळचा हँडओव्हर द्यायच्या बरंच आधी, वॉर्डातच, म्हणजे घरी पोचून आडवं होईपर्यंत पोट रिकामं झालेलं असतं आणि छातीत जळजळ होत नाही. नाइट उतरून घरी गेल्यावर खाऊन लगेच झोपायची आपल्या सगळ्यांची सवय आहे. स्लीव्ह झालेल्या बाईला ती फार महाग पडते. मी हा तक्ता फ्रिजवर लावलाय.

कामावर परतायच्या चिठ्ठीवरून मात्र झगडावं लागलं. विभागाची ठरलेली चिठ्ठी ‘दोन आठवड्यांनी कामावर हजर होण्यास हरकत नाही’ अशी. टेबलाशी बसून काम करणाऱ्यासाठी ती ठीक आहे. माझ्या कामात पहिल्याच तासात कुणाला तरी वर सरकवावं लागतं. चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, नाहीतर छिद्रांच्या जागी हर्निया होऊ शकतो, हे तोंडी सगळे सांगतात, कागदावर कुणी लिहीत नाही, आणि वॉर्डात तर कागदच चालतो. मी मागून घेतली ती चिठ्ठी अशी: उचलणं, ओढणं, पेशंट वळवणं सहा आठवडे बंद, सुरुवातीला हलकी ड्यूटी, नाइट नाही. मागितल्यावर दिली, पण रिसेप्शन, ज्युनियर डॉक्टर, परत रिसेप्शन असा फेरा झाला. कृपया ऑपरेशनच्या आधीच, बरं वाटत असताना, ही चिठ्ठी कशी हवी ते लिहून नेऊन द्या.

बैठकीत गोड बोलणंच होतं असं नाही, म्हणून मला ती जास्त जवळची वाटते. थिएटरमधल्या एकीने सांगितलं की बायपासनंतर पेशंटच्या नातेवाइकांनी आणलेल्या चॉकलेटच्या डब्यातले दोन तुकडे तोंडात टाकून ती केसला स्क्रब झाली, आणि थोड्याच वेळात घाम, धडधड, पोटात मुरडा. डम्पिंग, म्हणजे गोड खाणं आतड्यात भराभर उतरल्याने होणारा त्रास. निर्जंतुक हातांनी उभी, टेबल सोडता येईना. शेवटी दुसरीला बोलावून बाहेर आली. आता ती केसच्या आधी गोडाला हात लावत नाही आणि टीमला कारण माहीत आहे. एकीचं स्लीव्हनंतर रिफ्लक्स (ॲसिड अन्ननलिकेत वर येणं) इतकं वाढलं की पुढे बायपास करावं लागलं. एकीचं वजन तिसऱ्या-चौथ्या वर्षी बरंच परत आलं. ती बोलायला लागली तेव्हा खोलीत एकदम शांतता झाली, मग एकामागून एक चौघी-पाच जणी तिच्याशी बोलत राहिल्या. तिला कुणी ‘तू कुठे चुकलीस’ असं विचारलं नाही. लठ्ठपणा जुनाट आजार आहे, तो उलटतो, हे आपण पेशंटला सांगतो. एकमेकींना सांगताना तेच वाक्य किती वेगळं ऐकू येतं ते मी त्या संध्याकाळी पाहिलं.

केस गळण्याबद्दल सगळ्याच बोलतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू होतं, बहुतेकींचं पुढे थांबतं आणि केस परत येतात. मला आधी माहीत होतं म्हणून घाबरले नाही. सैल झालेल्या कातडीखाली युनिफॉर्ममध्ये घाम साचून पुरळ येतं, त्यावर कुठला कपडा आतून घालायचा हेही तिथेच कळलं. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून दिलेलं औषध सहा महिने न कंटाळता घ्या. बैठकीत अर्ध्यावर सोडणाऱ्याही आहेत आणि त्यांतल्या एकीचं पित्ताशय काढावं लागलं.

आणि सहकाऱ्यांच्या बोलण्याबद्दल. ‘सोपा मार्ग निवडलास’, ‘नर्स असून कंट्रोल नाही’ हे प्रत्येकीने ऐकलंय. मी ठरवलंय की ऑपरेशन लपवायचं नाही आणि समजावत बसायचंही नाही. विचारलं तर सांगते: हो, ऑपरेशन झालंय, ब्लड प्रेशरची गोळी बंद झालीय, आणि हल्ली ड्यूटी संपताना गुडघे दुखत नाहीत. माझ्या वॉर्डातले जाड पेशंट मात्र आता माझ्याशी वेगळं बोलतात. उचलताना पूर्वी ते ओशाळून ‘सॉरी सिस्टर’ म्हणायचे आणि मी हसून वेळ मारून न्यायचे. आता मी थांबते, मोठ्या मापाचा बीपी कफ आधीच आणून ठेवते, आणि मजबूत खुर्ची मागवायची असेल तर त्यांच्यासमोर मोठ्याने मागवत नाही.

वजन साधारण पाव हिश्श्याने उतरून आता स्थिर आहे. बी१२, फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा), व्हिटॅमिन डी, पॅराथॉर्मोन (कॅल्शियम सांभाळणारं हॉर्मोन) यांच्या रक्ततपासण्या दर वर्षी, आयुष्यभर, आणि विभाग त्याची आठवण न चुकता पाठवतो. त्याबद्दल त्यांचं कौतुक. वर्षाची एंडोस्कोपी झाली, अन्ननलिका चांगली आहे. पुढची दोन-तीन वर्षांनी.

माझ्या पत्राला उत्तर आलंय. डिस्चार्जच्या वेळी औषधांचं कार्ड आता फार्मासिस्ट बघणार, आणि आयसीयूवाल्या सिस्टरचा नाइटचा तक्ता डाएटिशियन तपासून छापणार, असं त्यांनी लिहिलंय. तक्ता अजून छापून आलेला मी पाहिलेला नाही, तोवर बैठकीत झेरॉक्स मिळते. तुम्ही जिथे कुठे ऑपरेशन करून घेणार असाल तिथे नर्सेसचा असा गट आहे का, हे कोऑर्डिनेटर सिस्टरना थेट विचारा. रिसेप्शनवर विचारून उपयोग होत नाही, त्यांना बहुतेक माहीत नसतं. आणि तारीख ठरायच्या आधी एकदा तरी जाऊन बसून या.